टोपणातल्या दोन क्लिपा

दुकानात कोणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मिस्त्री आहेत का?" आणि माझी वहिनी, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे, समोर इंजिन उघडं पडलेलं, मान वर न करता म्हणायची, "आहेत ना. बसा, बोलावते." मग आतल्या खोलीतून दादा यायचा, दाराशी खुर्चीत बसायचा, गिऱ्हाइकाची सगळी कहाणी ऐकून घ्यायचा. गिऱ्हाईक गेलं की मशीन वहिनीच्या टेबलावर. मला असा संताप यायचा म्हणून सांगू! मी म्हणायचे, "अगं, तोंड दिलंय ना तुला देवाने? सांग की, मशीन मीच बघते म्हणून." ती म्हणायची, "काम होतंय ना ताई? मग झालं."

आमचं दुकान चेनसॉ दुरुस्तीचं. झाडं कापायची मशीनं. पुढे काउंटर, तिथे मी. चेन, चेन ज्यावर फिरते तो बार, तेल, प्लग विकणं आणि बोथट चेनना धार लावून देणं हे माझं खातं. मागे लांब टेबल, त्यावर पत्रा ठोकलेला, वर दोन दिवे. त्या टेबलाशी बावीस वर्षं दादा बसला. मशीनच्या आवाजावरून आतला बिघाड सांगणारा माणूस, त्यात खोटं काही नाही. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. आधी आम्ही म्हटलं थकवा असेल, मग डॉक्टर, मग गोळ्या. गोळ्यांनी कप धरता येतो, स्क्रू धरता येत नाही. ज्या दिवशी कार्ब्युरेटरची बारकी सुई त्याच्या हातून चौथ्यांदा पडली, त्या दिवशी वहिनीने ती उचलली आणि बसवली. तेव्हापासून तीच बसवतेय.

लग्नाआधी वहिनी पंख्यांच्या कारखान्यात मोटारींची वाइंडिंग करायची. केसाएवढ्या तारेचे शेकडो वेढे, एक चुकला तर सगळं उकला. त्यामुळे तिच्या बोटांना घाई ठाऊकच नाही. मी एक काम करते तेव्हा माझं तोंड तीन कामं करत असतं; तिचं तसं नाही. तिच्याशी भांडायलासुद्धा मजा येत नाही.

दादाचा एकच हेका होता: ओरिजिनल. मशीन ज्या कंपनीचं, पार्ट त्याच कंपनीचा. दुसऱ्या कुणाचा पार्ट दिसला की नाक मुरडायचा. "डुप्लिकेट माल माझ्या टेबलावर येणार नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवेन. वहिनी मात्र प्रत्येक पार्ट हातात घेऊन बघायची. एअर फिल्टर, हँडलचं रबर, वरचं झाकण, पेट्रोलची नळी, यात दुसऱ्या कंपनीचं घातलं तर मशीनचं काही बिघडत नाही, असं तिचं मत. ऑइल सील, बेअरिंग, ब्रेकचा पट्टा? तिथे ओरिजिनलच, त्यात दयामाया नाही. "ब्रेक लागला नाही तर चेन माणसाच्या मानेवर येते," ती म्हणायची. "तिथे मी प्रयोग करणार नाही."

तर त्या वर्षी, वादळांचे दिवस तोंडावर आलेले असताना, मुकादम आमच्याकडे आला. हा मुकादम म्हणजे शहरातल्या रस्त्यांवरची झाडं सांभाळणाऱ्या टोळीचा प्रमुख. वारा सुटला की पडलेली, झुकलेली झाडं हीच माणसं कापतात. त्याने टोळीतलं सगळ्यात मोठं मशीन आणलं होतं. कुणीतरी शहाण्याने पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल न मिसळताच टाकी भरली होती. पिस्टन सिलिंडरला घासून चिकटला होता, दोन्हींवर खोल ओरखडे. फेकून द्यायच्या लायकीचं झालं होतं बिचारं.

"शोरूमवाला म्हणतो नवीन घ्या," मुकादम म्हणाला. "साहेब नवीनला मंजुरी देत नाहीत. मिस्त्री, तुम्ही उभं करून द्या. हे मशीन वादळात टिकलं तर उरलेली नऊही तुमच्याकडे. नाही टिकलं तर मी सगळी शोरूमला देऊन मोकळा होतो, रोजची कटकट नको."

मुकादमाची पाठ वळली आणि दादाने जाहीर केलं, की हे काम हातचं गेलं तर दुकान बंद करायचं. "उगाच ओढत राहण्यात अर्थ नाही. माझे हात गेलेत."  मी वहिनीचा चेहरा बघितला. हात दादाचे गेले होते हो, हिचे कुठे गेले होते? ती दोन वर्षं या टेबलाशी बसून जे शिकली ते एका वाक्यात गुंडाळून ठेवायचं? मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसवणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी तिने सगळीकडे फोन केले. त्या मॉडेलचा सिलिंडर कंपनीने केव्हाच बंद केलेला. म्हणजे ओरिजिनलचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या एका कंपनीचा संच मिळत होता: सिलिंडर, पिस्टन, रिंग, पिन, सगळं एका खोक्यात. वहिनीने तो मागवला आणि दादासमोर ठेवला.

"हे डुप्लिकेट आहे," दादा म्हणाला.

"नाही. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं लेबल लावून आलेलं. याच्यावर यांचं स्वतःचं नाव आहे बघा. चोरी नाही केलेली कुणी."

"तू मला शिकवणार?"

"नाही हो. पण ओरिजिनल मिळत नाही आणि मशीन बंद ठेवायचं नाही, तर मग हेच तपासून घेऊ. तुम्ही सांगा, काय काय तपासायचं. मी एकेक करते."

इथे दादाचा अर्धा पारा उतरला. त्याने सांगायला सुरुवात केली आणि ती करत गेली. नव्या सिलिंडरच्या आत, जिथून धूर बाहेर जातो त्या खिडकीच्या कडा धारदार राहिल्या होत्या. पिस्टनची रिंग तिथे अडकली तर तुटते. वहिनीने बारीक कानशीने त्या कडा गोल केल्या, धुतल्या, परत बोट फिरवलं, परत घासल्या. प्लगच्या भोकातून शिशाची मऊ तार आत घालून मशीन चालू करायची दोरी ओढली, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजली, पिस्टन आणि सिलिंडरच्या डोक्यात किती जागा उरते ते बघायला. दोन दिवस हेच चाललं. दादा खुर्चीतून ओरडत होता आणि तिच्या हातांत त्याची सगळी बावीस वर्षं जात होती. खरं सांगते, मला ते बघताना फार बरं वाटलं.

आता क्लिपांचं सांगते, कारण घोळ तिथेच झाला. पिस्टनच्या आतून एक आडवी पिन जाते. ती बाजूला सरकू नये म्हणून दोन टोकांना दोन क्लिपा बसवतात, नखाएवढ्या तारेच्या गोल कड्या. अशा संचाबरोबर ज्या क्लिपा येतात त्यांचं पोलाद मऊ असतं, असा दादाचा, बाहेर असे संच बसवलेली मशीनं दुरुस्त करून आलेला अनुभव. मशीन मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतं. त्यात एखादी क्लिप खाचेतून सुटली तर पिन सरकते, सिलिंडर फाडते आणि मशीन जागच्या जागी ठप्प. म्हणून दादाने नियम घातला, की पिस्टन जोडायला घेतला की सगळ्यात आधी खोक्यातल्या दोन क्लिपा भंगाराच्या डब्यात. क्लिपा वापरायच्या त्या मशीनच्या मूळ कंपनीच्याच. त्या अजून मिळतात, कागदाच्या चिमुकल्या पाकिटात येतात. पाकीट फोडायचं, क्लिपा बाटलीच्या टोपणात ठेवायच्या, टोपणातून उचलून बसवायच्या. दिसायला दोन्ही सारख्याच. शेजारी शेजारी ठेवल्या तर मलाही ओळखता येत नाहीत, तिलाही नाही.

जोडायला घेतलं त्या दुपारी वहिनीने खोक्यातल्या क्लिपा काढून कागदावर ठेवल्या, फेकणार तेवढ्यात आतून कप पडल्याचा आवाज आला, दादाच्या मांडीवर चहा सांडला होता. ती धावली. मागे राहिले मी. मला आपली उठसूट नीटनेटकं करायची हौस! दोन क्लिपा कागदावर उघड्या पडलेल्या बघून मी म्हटलं, हिच्या हातून राहिल्या वाटतं टोपणात ठेवायच्या, वाऱ्याने उडतील. उचलल्या आणि टोपणात टाकल्या. कागद चुरगळून फेकला. वर टेबल पुसून घेतलं. केवढी मी कामसू!

वहिनी आली, टोपणात क्लिपा दिसल्या, तिला वाटलं खोक्यातल्या फेकून पाकीट फोडून झालंय. तिने त्या बसवल्या.

मशीन उभं राहिलं. हवा भरून तपासलं, कुठे गळती नाही. दोरी दोनदा ओढली, तिसऱ्यांदा आवाज असा घुमला की शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघून गेला. दादा डोळे मिटून ऐकत होता. संध्याकाळी दोन घास जास्त जेवला. मुकादम मशीन घेऊन गेला.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी ड्रॉवरमध्ये रबरबँड शोधत होते आणि हाताला ते पाकीट लागलं. कंपनीचं. चारी बाजूंनी बंद. मी ते दिव्याला धरलं, आत दोन गोल कड्या दिसत होत्या.

 एका क्षणात सगळं आठवलं, कागद, चहा, माझं पुसणं, माझी हौस. आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला की हे पाकीट भंगारात टाकून द्यावं. कोणाला कळणार? मशीन चार दिवस नीट चालतंय. टिकेलही. टिकलं तर नऊ मशीनं येतील, दुकान राहील, वहिनीचं टेबल राहील. मी कशाला स्वतःच्या हाताने सगळ्यावर पाणी ओतू? दोन मिनिटं मी ते पाकीट मुठीत धरून उभी होते. मग टेबलाशी गेले आणि तिच्यासमोर ठेवलं.

तिने पाकीट उलटसुलट बघितलं. मग माझ्याकडे. "टोपणात कुणी ठेवल्या होत्या?"

"मी."

"बरं." तिने फडक्याला हात पुसले. "मशीन आज कुठे आहे, फोन करून विचार."

"वहिनी, थांब ना. चालतंय मशीन. चार दिवस चाललंय. तिथे जाऊन सांगितलं तर मुकादम काय म्हणेल? यांना एक मशीन नीट जुळवता येत नाही, असंच ना? मग नऊ कशाला देईल? दुकान जाईल गं. त्यापेक्षा वादळं संपू दे, सर्व्हिसिंगच्या निमित्ताने आणायला सांगू, गुपचूप बदलू."

"आणि तोवर?"

"तोवर काय, देव आहे."

"वन्सं," ती म्हणाली. एरवी मी तिची ताई. वन्सं म्हणाली की समजायचं, बाई तापली. "मोठं मशीन आहे ते. मोठ्याच झाडाला लावतात. खोड अर्धं कापलं आणि आत पिन सरकली तर मशीन तिथेच ठप्प. वर अर्धं कापलेलं झाड आणि खाली माणूस. फोन करा."

मी फोन केला.

स्कूटरवर मागे मी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसले. वाटेत मी तीनदा बोलायचा प्रयत्न केला, तिने एकदाही मान वळवली नाही. रस्ता पुढे अडवलेला होता. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने एक जुनं अवाढव्य झाड दवाखान्याच्या कुंपणाकडे झुकलं होतं. दोऱ्या बांधून फांद्या उतरवल्या होत्या, आता खोडाचे तुकडे चालले होते. कापणाऱ्याच्या कानांवर जाड टोपी, त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी हाका मारत मागून पळत जाणार, तर वहिनीने मला दंडाला धरून ओढलं. चालू मशीनच्या मागून जायचं नसतं. ती लांबून वळसा घालून त्याच्या समोर गेली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली. त्याने तिला बघितलं, हातातला काप पूर्ण केला, तुकडा पडला, मग मशीन बंद केलं.

मुकादम धावत आला. "काय झालं वहिनी? मिस्त्रींना काही झालं का?"

"ते बरे आहेत. हे मशीन मला आत्ता उघडायचंय. आत ज्या क्लिपा बसवायला हव्या होत्या त्या नाहीत, दुसऱ्या बसल्यात. बदलून देते."

"आत्ता? रस्ता बंद करून ठेवलाय मी! पलीकडे गाड्यांची रांग बघा. संध्याकाळी घेऊन जा की."

"संध्याकाळपर्यंत चालवायचं नाही."

"कोणी बसवल्या चुकीच्या?"

मी पुढे झाले, तोंड उघडलंसुद्धा. वहिनीने पेटीची कडी माझ्या हातात कोंबली. "धर नीट," म्हणाली, आणि मुकादमाला सांगितलं, "मी बसवल्या. चूक माझी आहे."

लोक जमले होते. टोळीतला एक जण हसून दुसऱ्याला म्हणाला, "म्हणून म्हणतात, ज्याचं काम त्याने करावं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याची मी तिथेच हजेरी घेतली असती. पण त्या दिवशी मला बोलायला तोंडच नव्हतं. माझ्यामुळे ऐकून घेत होती ती, आणि मी पेटी धरून उभी होते.

मशीन तापलेलं होतं. पंधरा मिनिटं नुसतं थंड होऊ दिलं. ती पंधरा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. गाड्या हॉर्न वाजवतायत, मुकादम घड्याळ बघतोय, आणि ही टेम्पोच्या फळीवर स्वच्छ कापड अंथरून हत्यारं ओळीने मांडतेय. मग वरचं झाकण काढलं, सायलेन्सर काढला, सिलिंडरचे चार स्क्रू सोडवले आणि सिलिंडर अलगद वर उचलला. खालच्या तोंडात फडकं कोंबलं, काही आत पडू नये म्हणून. पिस्टन उजेडाकडे वळवला. मुकादम वाकून बघायला लागला. मीही.

दोन्ही क्लिपा आपापल्या खाचेत बसलेल्या होत्या. हललेल्या नाहीत, वाकलेल्या नाहीत, सिलिंडरवर ओरखडा नाही. लख्ख.

"काय झालंय याला?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही झालेलं."

"मग? उगाच थांबवलंत माझं काम?"

देवा, एक तरी ओरखडा असता! मी मनात म्हणत होते, सांग काहीतरी, सुटत आली होती म्हण, कोणाला कळतंय! वहिनी म्हणाली, "आजपर्यंत काही झालेलं नाही. उद्याचं मला माहीत नाही. या क्लिपांची खात्री मी देऊ शकत नाही, त्या पाकिटातल्यांची देऊ शकते. म्हणून बदलणार." आणि तिने चिमट्याने जुन्या काढायला घेतल्या.

सगळं मिळून सव्वा तास गेला. मशीन पुन्हा चालू झालं, कापणारा खोडाकडे गेला.  आम्ही निघताना मुकादम एवढंच म्हणाला, "मिस्त्रींशी बोलतो येऊन." मिस्त्रींशी! मी स्कूटरवर बसले ती रडतच. वहिनी म्हणाली, "पेटी सांभाळ, पडेल."

घरी तिने दादाला सगळं सांगितलं. म्हणजे तिच्या परीने सगळं. क्लिपा चुकीच्या बसल्या, जाऊन बदलल्या, मुकादम चिडलाय. माझं नाव नाही घेतलं.  "म्हणून म्हणत होतो, ते खोकं नको," दादा एवढंच म्हणाला.

"खोक्याचा काही दोष नाही," वहिनी म्हणाली. "सिलिंडर आज परत बघितला मी. छान चाललाय."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. दादाच्या नजरेतून उतरायची भीती वाटली, दुसरं काय. तीन दिवस मुकादमाचा पत्ता नव्हता आणि फोन वाजला की मी हातातली चेन टाकून धावत होते. वहिनी मात्र रोजच्या वेळेला टेबलाशी. एका लाकूडवाल्याचं छोटं मशीन आलं होतं, त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये ती शांतपणे डोकं घालून बसलेली. मी विचारलं, "तुला काळजी नाही वाटत?" म्हणाली, "वाटते ना. पण हे उद्या द्यायचंय."

चौथ्या दिवशी दुपारी टेम्पो दारात थांबला. मागे ताडपत्रीखाली मशीनं होती, नऊच्या नऊ. मुकादम आत आला, उभ्या उभ्याच बोलायला लागला. "मिस्त्री, गाडी भरून आणलीय. इथे उतरवायची की शोरूमला न्यायची, ते ठरवायला आलोय. मोठं मशीन चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला एक कळू द्या. चूक झाली कशी? उद्या नऊ मशीनं उघडलीत, त्यात कोणाच्या हातून काय जाईल, त्याला जबाबदार कोण? तुम्ही की वहिनी?"

दादाने थरथरता हात दुसऱ्या हाताने धरला. तो काही म्हणायच्या आत मीच फुटले.

"चूक तिची नाहीच आहे! माझी आहे. टाकायच्या क्लिपा मी उचलून टोपणात ठेवल्या. तिने नाही. मी टेबल आवरलं मोठ्या शहाणपणाने. ती तिथे सगळ्यांसमोर माझं पाप अंगावर घेऊन उभी राहिली आणि मी मुक्यासारखी बघत बसले. दादा, तुलाही मी सांगितलं नाही. आता काय बोलायचंय ते मला बोला."

दादा तिच्याकडे वळला. "अगं, मग तू चूक माझी आहे असं का म्हणालीस?"

वहिनीने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही, पण मी तिला इतकं सरळ बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"टोपणात कुणीही काहीही ठेवू दे. क्लिप मी बसवली. पाकीट फोडलेलं आहे का, हे बघितल्याशिवाय बसवायला नको होती. ते बघणं ताईंचं काम नाही, तुमचंही नाही. या टेबलावर बसल्यापासून ते माझं काम आहे." मग ती मुकादमाकडे वळली. "जबाबदार मी. इथली मिस्त्री मी आहे. दोन वर्षांपासून मीच आहे. यापुढे पाकीट मी फोडणार आणि तुमच्या माणसासमोर फोडणार. कुठल्या मशीनला ओरिजिनल घालायचं आणि कुठे दुसरं चालेल, ते उघडून बघितल्यावर मी सांगेन. चालत असेल तर उतरवा."

  मुकादमाने सवयीने खुर्चीकडे बघितलं.

"मिस्त्री, तुम्ही काय म्हणता?"

दादाचे डोळे भरले होते. त्याने ते लपवलेही नाहीत.

"मला काय विचारता?" तो म्हणाला. "मिस्त्रीने आत्ता सांगितलं ना तुम्हाला."